आईची ॲडमिशन

४ मार्च

बारके,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. माझ्याकडचे सध्या संपलेत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. आपल्या आईला डिग्री करायचीय. समाजशास्त्र आणि समाजसेवा या विषयातली, तीन वर्षांची, रोज कॉलेजात जाऊन करायची. म्हणजे तू केलीस तीच.

आपण दोघी दोन वर्षं बोललेलो नाही आणि मी बोलायला सुरुवात ही अशी करतेय, हे मला कळतंय. फोन करता आला असता. पण घर केवढंसं आहे ते तुला माहीत आहे. स्वयंपाकघरात बोललेलं बाबांच्या पलंगापर्यंत जातं आणि तिथून आईच्या कानापर्यंत. शिवाय फोनवर तू मध्येच तोंड घालतेस. पत्रात मला कुणी अडवत नाही.

तर माझा पक्का संशय असा आहे, की हे खूळ तूच तिच्या डोक्यात घातलंस. दर रविवारी तासभर काय बोलता तुम्ही दोघी? “आई, तुझ्यासारखी माणसं या क्षेत्रात हवीत,” असलं काहीतरी म्हणाली असशील. तुला असली वाक्यं येतात. आता ती बाबांचं अंग पुसतानासुद्धा ‘समुदाय’ हा शब्द वापरते. परवा शेजारच्या घड्याळवाल्या काकांना म्हणाली, आपल्या जिन्यात समुदायाची भावनाच उरलेली नाही. काका बिचारे पाण्याची मोटर बंद करा एवढंच सांगायला आले होते. ते “हो, हो” म्हणत उलट्या पावली गेले, आणि मोटर चालूच राहिली.

तू हसशील. हस. पण बाबांचं काय? त्यांची उजवी बाजू गेल्यापासून आणि जीभ जड झाल्यापासून दिवसा त्यांच्याजवळ आई असते, संध्याकाळपासून मी. दिवसा मी वृद्धांच्या केंद्रात असते, दुसऱ्यांच्या आईबापांना सांभाळत. माझं पद अजून मदतनीस हेच आहे. तुझ्या लक्षात नसेल म्हणून लिहिलं, आणि बदललं असेल असं तुला वाटू नये म्हणूनही. दर दोन-तीन वर्षांनी तुझ्यासारखी डिग्रीवाली एखादी मुलगी येते, मी तिला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवते, आणि महिन्याभरात ती मला काम सांगायला लागते.

आई कॉलेजला गेली तर मला घरी बसावं लागेल. दोघींपैकी एकीलाच दिवसा उंबरठा ओलांडता येतो, एवढी साधी गोष्ट आहे. आणि या वेळी ती एक मी नसणार.

बाबा बरे आहेत. तू विचारत नाहीस, पण विचारलंस असं धरून लिहिते.

ताई

ता.क. विद्यापीठाचं माहितीपत्रक घरात आलं कसं, असं तुझ्या मनात येईलच. मी आणलं. रजा काढून, रांगेत उभी राहून आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. परत येते तर आई चष्मा लावून, ते उघडून उभी. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मला म्हणाली, “माझ्यासाठी आणलंस?”

मी “हो” म्हणाले.

माझ्यासाठी आणलं होतं गं मी ते. माझ्यासाठी.

१९ मार्च

बारके,

तुझं उत्तर मिळालं. दोन वर्षांनी दोन ओळी, म्हणजे वर्षाला एक पडली. “मी तिच्या डोक्यात काही घातलेलं नाही. ताई, तिला खरं काय ते सांगून टाक.” वा! तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात का, समोरच्याला जे जमत नाही तेच नेमकं करायला सांगायचं? बाबा आजारी पडले तेव्हाही तू तिथे बसून म्हणाली होतीस, त्यांच्याशी सारखं बोलत राहा, त्यांना बोलतं करा. मी म्हणाले, एवढं कळतं तर इथे येऊन कर. त्यानंतर तू मला फोन करणं बंद केलंस आणि आईला चालू ठेवलंस. मी ते विसरलेले नाही. सध्या दुसरीकडे जळतेय, म्हणून ते बाजूला ठेवलंय इतकंच.

खरं कसं सांगू? तिने फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. रंगीत पेन्सिली आणल्या त्यासाठी. सकाळी समाजशास्त्राची ओळख, मग मानसशास्त्र, दुपारी समुदाय संघटन. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत नाहीतर दवाखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम. तिसऱ्या वर्षी एक विषय आपण निवडायचा असतो, त्यावर तिचं आत्तापासून डोकं चाललंय. मला विचारलं, मुलांचा घेऊ की वृद्धांचा? मी म्हटलं, म्हातारं माणूस घरातच आहे, त्याचा घे. ती म्हणाली, “म्हणूनच मुलांचा घेते. थोडा बदल नको का?” आणि बाबांकडे बघून हसली, आणि बाबापण हसले, एका बाजूने हसतात तसे. दोघांचं हे असं चालतं. मी आपली ताट घेऊन उभी.

वेळापत्रकात खालची एक ओळ माझी आहे. ‘ताई : अर्धा दिवस केंद्र, मग घर.’ मला हिरवा रंग दिलाय. विचारलं नाही. रंगाबद्दल म्हणत नाहीये मी.

अर्जासोबत एक पानाचं मनोगत द्यायचं असतं, मला हे का शिकायचंय म्हणून. तिने मला तपासायला दिलं. मला वाटलं होतं चार ओळींत आटपेल, लग्न लवकर झालं, शिक्षण राहिलं वगैरे. पण पहिलंच वाक्य असं : ‘माझ्या मोठ्या मुलीने, मी न सांगता, मला काय हवंय ते ओळखलं.’ पुढे लिहिलंय, घरात माणूस आजारी पडलं की पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, मग हळूहळू कुणी येईनासं होतं, आणि मला त्या नंतरच्या दिवसांत जाणारी बाई व्हायचंय.

बारके, हे तिला सुचलं कुठून? मी एक काना आणि दोन वेलांट्या सुधारल्या आणि म्हटलं, बरं आहे. ‘बरं आहे’ म्हटलं मी. आतून नुसता तिळपापड झाला होता. कारण माझंही मनोगत लिहून झालं होतं, तीन वेळा खोडून, आणि त्यात ‘सक्षमीकरण’ हा शब्द तीनदा येत होता.

हो. मीही अर्ज केलाय. केंद्रात बसून भरला. शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी थोड्याच जागा असतात, त्यातल्या एकीवर आम्ही मायलेकी दोघी टपून आहोत आणि आमच्यापैकी एकीलाच ते माहीत आहे. तू तिला सांगायचं नाहीस. सांगितलंस तर मला लगेच कळेल, ती रविवारच्या फोननंतर कशी दिसते ते मी रोज, म्हणजे दर रविवारी, बघतेच.

एका बाबतीत मात्र मी तुम्हा दोघींच्या पुढे आहे, ते सांगून ठेवते. रोज सकाळी मी निघाले की बाबा डाव्या हाताने माझ्या बॅगेचा पट्टा धरतात. घट्ट. तोंडाने आ-आ असं काहीतरी करतात. जाऊ नकोस म्हणतात. आई मग पेपर पुढे करून त्यांचं लक्ष वळवते, तेव्हा कुठे मी सुटते. आई दिवसभर त्यांचं सगळं करते, पण ती दुकानात निघाली तर तिची पिशवी काही ते धरत नाहीत. तू गेलीस तेव्हा त्यांचे उजवा-डावा दोन्ही हात चालत होते, आणि त्यांनी तुझी बॅग धरली नव्हती, उलट टॅक्सीत ठेवायला मदत केली होती. माझीच धरतात.

ताई

८ एप्रिल

बारके,

आज जे झालं ते आजच लिहिलं नाही तर मी त्याला नंतर माझ्या सोयीचा आकार देईन, म्हणून बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. आत आई भांडी जरा जोरात ठेवतेय.

आज मुलाखती होत्या, गटागटाने. बाबांजवळ घड्याळवाले काका बसले, दुरुस्तीचं सामान घेऊन. मी नेहमीसारखी केंद्रात जाते म्हणून आधी निघाले आणि विद्यापीठाच्या आवारात झाडाआड उभी राहिले. या वयात. आई आली, इस्त्रीचे कपडे, नवी चप्पल, हातात पाण्याची बाटली. शाळेत सोडलेल्या मुलीसारखी पाट्या वाचत चालली होती. मला वाटलं तिचा गट वेगळा असेल. ती आत गेल्यावर थोड्या वेळाने मी गेले, तर कॉरिडॉरमध्ये बाकावर तीच.

“अगं!” ती उठलीच. “रजा काढून आलीस माझ्यासाठी?”

तेवढ्यात कारकून आला आणि माझ्या छातीवर नंबराचा बिल्ला लावून गेला. तिच्या बिल्ल्यावरच्या आकड्याच्या पुढचाच आकडा. तिने माझा बिल्ला वाचला, मग स्वतःचा वाचला, आणि खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. दोघींच्या मध्ये पाण्याची बाटली.

आत गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. परीक्षक बाई बारीक आवाजाच्या, केस पिकलेल्या. त्यांनी सगळ्यांना एकच प्रसंग दिला. एक घर आहे. घरात एक गृहस्थ अंथरुणाला खिळलेले. बायको त्यांचं करते, मुलगी नोकरी करते. तुम्ही पहिल्यांदाच त्या घरी गेलात. आधी कुणाशी बोलाल, काय विचाराल?

मला वाटलं कुणीतरी आपल्या घरात डोकावून पेपर काढलाय. पण त्यांच्याकडे हा प्रसंग दरवर्षी असतो म्हणे, अशी घरं काही कमी नाहीत.

आई आधी बोलली. मी त्या बायकोला स्वयंपाकघरात गाठीन, म्हणाली, आणि विचारीन, बाई गं, तू जेवलीस का? कारण तिला ते कुणी विचारत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. एक दाढीवाला तरुण तर तिच्याकडे असा बघत होता, जसं काही आत्ता उठून तिला वाढणार आहे.

आणि माझं डोकं फिरलं. मला जे पाठ करून आले होते ते बोलायचं होतं, पण तोंडातून वेगळंच निघालं. मी म्हटलं, “मी मुलीला विचारीन. तुला काय व्हायचं होतं, असं. बायकोची विचारपूस करायला नवरा आहे, दुसरी मुलगी फोनवर आहे, जिन्यातले लोक आहेत. मुलीला त्या घरात कुणी काही विचारतं का?” आवाज चढला असावा, कारण दाढीवाला आईला सोडून माझ्याकडे बघायला लागला.

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण ती बघतेय हे कळत होतं.

मग समोरच्या खुर्चीत एक दोन वेण्या घातलेली मुलगी होती, शाळा नुकतीच सुटल्यासारखी. तिचा नंबर या गटात चुकून लागला असेल. तिने हात वर केला आणि विचारलं, “पण आजारी तर ते आजोबा आहेत ना? त्यांना नाही का विचारायचं?”

दोघं-चौघं हसले. परीक्षक बाई हसल्या नाहीत. मी आणि आई तर मुळीच नाही. बारके, गेली दोन वर्षं तशाच घरात आम्ही दोघी राहतोय. मी म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात काम करते. रोज सकाळी तिथल्या मास्तरांना विचारते, आज कॅरम की पेपर? टेलरआजींना विचारते, खिडकीजवळ बसता का? आणि घरी आल्यावर बाबांना काय हवं ते आम्ही दोघी आपापसात ठरवतो, त्यांच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून.

बसमध्ये आई खिडकीकडे बसली. बाहेर बघतच म्हणाली, “ते माहितीपत्रक तुझं होतं?”

“हो.”

“मग मी विचारलं तेव्हा हो का म्हणालीस?”

“तुझं तोंड बघितलं असतंस तर तूही म्हणाली असतीस.”

उतरताना तिने माझा हात धरला, पण तो तिच्या नव्या चपलेमुळे, चावत होती तिला.

ताई

१६ एप्रिल

बारके,

आईने बाबांना विचारलं.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीची नेहमीची सकाळ. मी निघाले, बाबांनी पट्टा धरला, आ-आ सुरू झालं. आईने पेपर उचलला, आणि परत ठेवला. पलंगावर त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, “अहो, हिला जाऊ नको म्हणताय, की तुम्हालाही जायचंय हिच्याबरोबर?”

बाबांनी पट्टा सोडला नाही. पण डावा पाय पलंगाखाली सोडला आणि जमिनीवर चाचपायला लागले. आम्हाला कळेना काय करताहेत. मग आई खाली वाकली आणि पलंगाखालून त्यांच्या चपला काढल्या. दोन वर्षांची धूळ होती त्यांच्यावर.

चपला शोधत होते ते.

केंद्रात न्यायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं असं नाही. मला सुचलं होतं. पण तिथे ज्यांना घरी बघायला कुणी नाही अशी माणसं येतात, अशी माझी समजूत, आणि आपल्या बाबांना घरी दोन-दोन बायका आहेत. लोक काय म्हणतील यापेक्षा मला स्वतःलाच ते कसंसं वाटायचं, की दिवसभर दुसऱ्यांच्या बापांना चहा देते आणि स्वतःचा बाप त्याच रांगेत आणून बसवते. आता बघ, रोज येतात. घड्याळवाले काका जिना उतरवायला मदत करतात, खाली केंद्राची गाडी येते. मास्तरांनी त्यांना डाव्या हाताने कॅरम खेळायला शिकवलं. टेलरआजी त्यांची बटणं लावून देतात आणि ते लावून घेतात. काल क्वीन घेतली तेव्हा बाबा मोठ्याने हसले. मी आतल्या खोलीत चादरी घड्या घालत होते, मला आधी ओळखूच आलं नाही कोण हसलं ते.

आनंद व्हायला हवा. झालाय. पण तुला म्हणून सांगते, मी ती चादर तशीच हातात धरून उभी राहिले. दोन वर्षं मी समजत होते की त्यांना मी हवी आहे. आई नाही, तू नाही, मी. तुला तसं ठसक्यात लिहूनही पाठवलं. आणि त्यांना काय हवं होतं? दरवाजा. मी फक्त त्या दिशेने जाणारी होते. दूधवाल्याने आत येऊन पिशवी लटकवली असती तर तिचाही पट्टा धरला असता.

आणि हे विचारायचं कुणाला सुचलं? वेण्यावाल्या मुलीला. मग कुणी विचारलं? आईने. मी कुठेच नाही.

वेळापत्रक अजून फ्रिजवर आहे. आता माझ्या ओळीत ‘केंद्र, बाबांसह’ असं लिहिलंय. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला. बाबा दिवसभर माझ्याजवळ, ती मोकळी. माहितीपत्रकाबद्दल तिने पुन्हा काही काढलं नाही, आणि मी तर काढणारच नाही.

ताई

२९ मे

बारके,

तुझं पत्र आलं. या वेळी पूर्ण पान, प्रगती आहे. तू लिहिलंस, “तुम्ही तिथे बाबांनी कुणाची बॅग धरली यावर कुढत बसता, मला ते बॅग धरतात हेसुद्धा तुझ्या पत्रातून कळलं, आईने एकदाही सांगितलं नाही.” ते वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे तुझ्याही पोटात दुखतं तर. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

यादी लागली. खंड पडलेल्यांच्या जागांमध्ये आईचं नाव आहे, शेवटचं. त्याखाली एक रेघ आहे. रेघेखाली प्रतीक्षा यादी, आणि तिच्यात पहिलं नाव माझं. दोघींमध्ये फक्त ती रेघ. आई न आली तर मी, असा त्याचा अर्थ. माझ्यासमोर दोन मुली फोटो काढत होत्या यादीचा, त्यांना मी धक्का देऊन पुढे गेले, आणि बघून झाल्यावर सॉरी म्हणाले.

चार दिवस मी घरात धड बोलले नाही. पेढे वाटणाऱ्या चेहऱ्याने तिचं अभिनंदन केलं आणि मग प्रत्येक गोष्ट जरा आपटून ठेवली. तिलाही कळत होतं. ती रात्रीची भाजी माझ्या आवडीची करायला लागली, त्याने मला आणखीच राग आला.

आज ती बाबांना न्यायला केंद्रात आली. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेली, दार लावून. बाहेर आली ती सरळ माझ्याकडे, मी कप विसळत होते तिथे.

“मी नाव मागे घेतेय,” म्हणाली.

बारके, मला काय वाटलं सांगू? त्यागसुद्धा हिनेच करायचा! मी चार दिवस त्याचीच तयारी करत होते. आई, तूच जा, माझं काय, असं म्हणायचं, डोळ्यांत थोडं पाणी आणायचं, आणि मग आयुष्यभर ते तिला ऐकवायचं. तेवढं एक माझ्याकडे होतं, तेही तिने पळवलं.

मी म्हटलं, “मला उपकार नकोत.”

“उपकार कुठले?” तिने माझ्या हातातला कप घेऊन विसळायला सुरुवात केली. “बाबांना इथे यायचं तर त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागणार. तू कॉलेजात असणार. मोठ्या बाईंशी बोलले मी, तुझी जागा वर्षभर मला देतायत. पुढच्या वर्षी मी परत अर्ज करणार. तोवर नोट्स नीट काढून ठेव, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय दिलेत.”

“आणि तुझं मनोगत? ते वेळापत्रक?”

“ते कुठे जातंय? रंग बदलू.” मग कप पालथा घालून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या दिवशी मी विचारायला हवं होतं, कुणासाठी आणलंस म्हणून. माझ्यासाठीच, असं मीच ठरवलं. मला फार हवं होतं ते.”

“मलापण,” मी म्हटलं.

“मग सांग की तसं. हवीय का तुला ती जागा?”

माहितीपत्रकाच्या वेळी मी हो म्हणाले ते खोटं होतं. या वेळी मी नको म्हणणं हे खोटं झालं असतं, आणि ते अगदी ओठांवर आलं होतं, चार दिवस घोकलेलं. समोर मास्तर आणि बाबा कॅरमवरून बघत होते.

“हवीय,” मी म्हटलं.

“झालं तर,” आई म्हणाली आणि पुढचा कप घेतला.

ताई

१ जुलै

बारके,

कॉलेजच्या बागेतल्या बाकावरून लिहितेय. पहिले दोन तास झाले. वर्गात मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले, आणि शेजारी कोण येऊन बसलं असेल तर ती दोन वेण्यांची मुलगी. तिने मला ओळखलं नाही. मला मावशी म्हणाली आणि पेन मागितलं. दिलं. तिला तेवढा तरी मोबदला द्यायला हवाच होता.

मधल्या सुट्टीत आईला फोन केला. केंद्र कसं चाललंय विचारलं. छान चाललंय म्हणाली. टेलरआजींना तिच्या हातचा चहा आवडला, मास्तरांनी दोनदा मागून घेतला. मी विचारलं, माझी कुणी आठवण काढली का? ती म्हणाली, नाही बाई, कुणी नाही. मुद्दाम म्हणाली. मागून कॅरमची सोंगटी पडल्याचा आवाज आला आणि बाबा हसले. मी फोन ठेवला.

पण तुला पत्र लिहायला घेतलं ते यासाठी नाही. सकाळचं सांगायचंय.

आज आम्ही तिघंही एकदमच निघणार होतो. मी नवी बॅग घेतलीय, रुंद पट्ट्याची. आई चपला घालत होती, तिच्या खांद्याला माझी जुनी बॅग, डबा आणि बाबांचं औषध घातलेली. बाबा खुर्चीत तयार, केस विंचरलेले. मी दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांना वेळ लागतो म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी पट्टा त्यांच्या बाजूला केला होता. हाताला सहज लागेल असा.

त्यांनी डावा हात उचलला आणि आईची बॅग धरली.

बरोबरच आहे. केंद्रात ती जाणार होती. त्यांना दार कुठल्या बाजूला उघडतं ते बरोबर कळतं, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. मला कळलं ते, सगळं कळलं. वर्षं तीन आहेत, त्यातलं पहिलं आज सुरू झालंय, मला जे हवं होतं ते मिळालंय, आणि मी दारात उभी राहून एका जुन्या बॅगेवर जळत होते. माझ्याच बॅगेवर.

मग बाबांनी माझ्याकडे बघितलं, आईचा पट्टा न सोडता, आणि हनुवटीने जिन्याकडे खूण केली. निघ. लहानपणी शाळेला उशीर झाला की करायचे तशीच. तुला आठवेल, तुला जरा कमी करायचे, तू वेळेवर निघायचीस.

बारके, तू ये. दिवाणखान्यात गादी घालू, आई रविवारचा तास तुला समोरासमोर देईल, आणि मी तोंड वाकडं करणार नाही असं वचन देत नाही, पण प्रयत्न करीन. केंद्रात ये, मास्तरांना तुझ्या डिग्रीबद्दल सांग, त्यांना डिग्र्या आवडतात. बाबा तुझं नाव घेणार नाहीत, जीभ वळत नाही, पण ओळखतील.

फक्त एक कर. आलीस की बॅग खाली जिन्यातच ठेव, काकांच्या खालच्या घड्याळाच्या दुकानात ठेवलीस तरी चालेल. खांद्याला लावून सरळ दारात येऊन उभी राहू नकोस. बाबांनी ती धरली तर मला काही दिवस सहन होणार नाही.

ताई